पुढच्या चाकांची खटखट आणि उद्यमनगरातील एक गॅरेज : सस्पेन्शनच्या कामाचा अनुभव

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे वैभववाडीला माझी महिन्यातून दोनदा तरी फेरी होते. गेल्या पावसाळ्यानंतर करूळ घाट उतरताना गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने खट्‌खट् असा कोरडा आवाज येऊ लागला, तेव्हा गाडी ६२,००० किलोमीटर चालली होती. गाडी साधी, लहान हॅचबॅक आहे आणि तिची इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. याच आवाजासाठी आठ महिन्यांपूर्वी मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यांचे, चारही बुश (रबरी जोड) बदलून घेतले होते. आवाज परत आल्यावर त्याच ठिकाणी गेलो, तर गाडी न चालवताच ‘दोन्ही शॉकअप गेले’ असे सांगून १४,००० रुपयांचा अंदाज हातात देण्यात आला. तो कागद घेऊन मी कोल्हापूरच्याच उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये गेलो आणि हा अभिप्राय त्या गॅरेजविषयी आहे. तेथे मिस्त्री आणि त्यांचा एक मदतनीस एवढीच माणसे काम करतात आणि सस्पेन्शनच्या कामासाठी दिवसाला एकच गाडी घेतात. गर्दी वाढली तर काम बिघडेल, म्हणून नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो. परिसरात चौकशी केल्यास ते सापडणे अवघड नाही.

मिस्त्रींनी अंदाजाचा कागद पाहिला नाही. त्यांनी स्वतः गाडी चालवायला घेतली आणि मला शेजारी बसवून जवळच्याच रस्त्यावर दोन गोष्टी करून दाखवल्या. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून, म्हणजे दोन्ही चाके एकाच वेळी वर जातील अशा रीतीने, गाडी सावकाश नेली तेव्हा खटखट जवळजवळ ऐकू आली नाही. नंतर फक्त डावे चाक एका उथळ खड्ड्यातून नेले आणि आवाज स्पष्टपणे आला. “एका चाकाला आवाज आणि दोन चाकांना गप्प, म्हणजे आधी लिंक रॉड बघायचा, शॉकअप नंतर,” असे ते म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला नीट कळले नाही. गाडी लिफ्टवर गेल्यानंतर त्यांनी प्रत्येक भागाला हात लावून जे सांगितले त्यातून ते कळले, आणि तेच येथे थोड्या विस्ताराने लिहितो, कारण गॅरेजचे काम चांगले की वाईट हे ठरवायला पुढच्या सस्पेन्शनची रचना माहीत असावी लागते.

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात, जनरल मोटर्समध्ये शेव्हर्लेच्या एका लहान गाडीचे काम चालू असताना, तिची कल्पना मांडली. ती गाडी कधी बाजारात आली नाही. मॅकफर्सन पुढे फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल या गाडीतून ही रचना रस्त्यावर आली. भारतात १९८३ मध्ये मारुती ८०० आली तीही हीच रचना घेऊन. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसॅडरला पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या लांब पोलादी सळ्या, आणि मिस्त्रींनी हे काम त्याच गाड्यांवर शिकले असल्यामुळे दोन्हींतला फरक ते फार आवडीने सांगतात.

या रचनेत चाक गाडीला मुख्यतः दोन ठिकाणी धरलेले असते. चाकाचा हब आणि त्याची बेअरिंग ज्या ओतीव तुकड्यात बसतात त्याला नकल म्हणतात. नकलच्या खालच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोलसांधा, असतो आणि त्यातून ते लोअर आर्मला जोडलेले असते. लोअर आर्म दोन रबरी बुशांमधून गाडीच्या खालच्या आडव्या चौकटीला जोडलेला असतो आणि त्या बुशांभोवती वर-खाली फिरतो. नकलच्या वरच्या टोकाला दोन जाड बोल्टांनी स्ट्रट आवळलेला असतो. स्ट्रट म्हणजे शॉकअपची नळी, तिच्यावर बसवलेली स्प्रिंग आणि सर्वांत वर रबराचे माउंटिंग व त्यातली बेअरिंग. हे माउंटिंग बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या गोल उंचवट्याला नटांनी बांधलेले असते. दिशा देण्यासाठी नकलला टाय रॉड जोडलेला असतो आणि गाडी वळणावर फार कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक वाकवलेली सळी असते, तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. त्याच्या टोकांना जे छोटे दांडे असतात तेच लिंक रॉड.

आता मिस्त्रींच्या वाक्याचा अर्थ लागतो. दोन्ही चाके एकदम वर गेली तर स्टॅबिलायझर बार आपल्या रबरांमध्ये नुसता फिरतो, त्यात पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले की बारला पीळ बसतो आणि तो सगळा पीळ लिंक रॉडच्या दोन लहान गोलसांध्यांतून जातो. सांधा झिजलेला असेल तर त्या क्षणी तो खटकतो. माझ्या गाडीचा डावा लिंक रॉड हाताने हलवला तरी खुळखुळत होता. शॉकअपसाठी १४,००० रुपये खर्च करून हा दांडा तसाच राहिला असता, तर आवाजही तसाच राहिला असता.

तरीही ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि या गॅरेजविषयी माझा विश्वास येथून पक्का झाला. गाडीची चाके अधांतरी लोंबकळत असताना त्यांनी प्रत्येक चाक आधी वर-खाली धरून आणि नंतर डावी-उजवीकडे धरून हलवले. आडव्या धरण्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर टाय रॉडचा सांधा संशयित ठरतो. उभ्या धरण्यात जाणवला तर तो बॉल जॉइंटचा किंवा हबच्या बेअरिंगचा असू शकतो. डाव्या चाकाला उभा खेळ होता. तेव्हा त्यांनी मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर डिस्क नकलला घट्ट धरली जाते, त्यामुळे खेळ नाहीसा झाला असता तर दोष बेअरिंगचा होता. खेळ तसाच राहिला, म्हणजे दोष बॉल जॉइंटचा. नंतर लोअर आर्म आणि नकल यांच्या मधे पहार घालून त्यांनी तो सांधा हलताना मला प्रत्यक्ष दाखवला. ही तपासणी चाके लोंबकळत ठेवूनच का करायची, हेही त्यांनी सांगितले. मॅकफर्सन रचनेत गाडीचे वजन वरच्या माउंटिंगमधून स्प्रिंगवर आणि स्प्रिंगमधून नकलवर येते. खालचा बॉल जॉइंट ते वजन पेलत नाही, तो चाकाला फक्त जागेवर धरून ठेवतो. चाक जमिनीवर असताना बाजूने येणाऱ्या जोरामुळे झिजलेला सांधाही घट्ट भासू शकतो. डबल विशबोन रचनेत, म्हणजे वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या रचनेत, जेथे स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, तेथे हाच सांधा वजन पेलतो आणि तपासण्याची पद्धत बदलते.

डावीच बाजू अधिक झिजली याचे कारण आपल्या रस्त्यांत आहे. आपण डावीकडून चालतो, समोरून बस आली की डावे चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरते आणि पुन्हा त्याच कडेवर आपटत वर चढते. घाटात हे किती वेळा घडते ते त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते बुशांविषयीचे. आठ महिन्यांपूर्वी बसवलेले चारही बुश पुन्हा फाटलेले होते. उजव्या बाजूच्या पुढच्या बुशात रबर लोखंडी नळीपासून गोलाकार सुटले होते, तर डाव्या आर्मच्या मागच्या मोठ्या बुशात आरपार चीर होती. माझा समज असा झाला की माल नकली असावा. मिस्त्रींनी बुश पुसून त्यावरची अक्षरे पाहिली आणि माल चांगला असल्याचे सांगितले. चूक बसवण्यात होती. लोअर आर्मचा बुश हा बेअरिंगसारखा फिरणारा भाग नसतो. त्यात बाहेरची नळी, आतली नळी आणि त्यांच्यामध्ये दोघींना चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी चौकटीला घट्ट धरली जाते आणि त्यानंतर आर्म जेवढा वर-खाली होतो तेवढा पीळ रबरात पडतो. म्हणून बोल्ट शेवटचा आवळताना आर्म ज्या स्थितीत असेल तीच रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लोंबकळतो. त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले आणि गाडी खाली उतरवली, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्याला तो पीळ आणखी वाढतो. अशा रबराचे आयुष्य किती असणार? माझ्या बाबतीत ते आठ महिने निघाले.

या गॅरेजमध्ये बोल्ट आधी नुसते हाताला लागतील इतपत बसवले गेले. गाडी खाली आणून चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवले, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर आले, पुढून तिला चार-पाच वेळा दाबून सोडले आणि मगच मिस्त्री आडवे झोपून गाडीखाली गेले व टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळले. या कामाला दहा-बारा मिनिटे अधिक लागली असतील. गाडी लिफ्टवर असताना हवेच्या गनने ते वीस सेकंदांत झाले असते. मला वाटते, वाचकांनी कोणत्याही गॅरेजमध्ये लोअर आर्मचे काम देताना एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा की बोल्ट शेवटचे कुठे आवळणार, लिफ्टवर की चाकांवर.

आर्मच्या मागच्या बुशाची आणखी एक बाब आहे. त्यातले रबर भरीव नसते, त्यात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की आर्मला किंचित मागे सरकू द्यायचे आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत बोथट होऊन पोहोचू द्यायचा, पण वळणावर बाजूचा जोर आला की चाकाला हलू द्यायचे नाही, हे दोन्ही हेतू त्या पोकळ्यांच्या दिशेवर अवलंबून असतात. त्यामुळे नवा बुश प्रेसमध्ये बसवताना तो जुन्याच दिशेने बसला पाहिजे. उजवा आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट चांगल्या स्थितीत असल्याने त्याचे फक्त दोन बुश बदलायचे ठरले. मिस्त्रींनी जुना बुश काढण्यापूर्वी आर्मवर पोलादी सुईने खूण केली, नवा बुश त्या खुणेशी जुळवला आणि हायड्रॉलिक प्रेसवर सरळ आत नेला. हातोड्याचा घाव कोठेही घातला नाही. डाव्या आर्ममध्ये बॉल जॉइंट आर्मलाच पक्का जोडलेला असल्याने तो आर्म पूर्ण नवा घेतला.

स्ट्रट काढण्याचे कारण वेगळे होते. स्टीअरिंग पूर्ण वळवून उभी गाडी हलवली की वरच्या बाजूने ‘टंग्’ असा आवाज येत असे आणि वळणानंतर स्टीअरिंग आपसूक सरळ येत नसे. या रचनेत स्टीअरिंग वळवले की चाकाबरोबर पूर्ण स्ट्रट, स्प्रिंगसकट, वरच्या बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगमध्ये धूळ-पाणी जाऊन ती अडकली की स्प्रिंग खालून फिरते आणि वरून अडते. तिच्यात पीळ साठतो आणि मग ती एकदम सुटते, तोच हा आवाज. दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग बदलण्याचा सल्ला त्यांनी दिला व तो मी मानला.

स्ट्रट उघडणे हे या सगळ्या कामातले खरे धोक्याचे काम आहे. स्प्रिंग मोठ्या जोराने दाबलेली असते आणि तिला वरून अडवून धरणारा एकच नट असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती दोन्ही बाजूंनी दाबून वरच्या बशीपासून मोकळी झाल्याची खात्री केल्याशिवाय तो नट सैल करायचा नसतो. येथे भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर होता आणि काम चालू असताना मला सहा-सात पावले दूर उभे राहायला सांगण्यात आले. नट सोडवताना शॉकअपचा दांडा सोबत फिरू नये म्हणून त्याच्या टोकातल्या षटकोनी खाचेत अ‍ॅलन की धरली होती. अनेक ठिकाणी घाईने तो चकचकीत दांडा पकडीने धरतात. त्यावर बारीकसा ओरखडा उमटला तरी तो ओरखडा पुढे हजारो वेळा तेलाच्या सीलमधून जातो आणि सील कापतो. चांगला शॉकअप दुरुस्तीच्या वेळीच निकामी होतो तो असा.

शॉकअपचे काय, असे वाचक विचारतील. गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंग करते. शॉकअपचे काम स्प्रिंगचे झुलणे थांबवण्याचे असते. आतल्या दट्ट्याच्या बारीक झडपांतून तेल रेटले जाते आणि झुलण्यातील ऊर्जा उष्णतेत बदलते. दाबला जाताना तो सहसा कमी विरोध करतो आणि ताणला जाताना अधिक, कारण दाबलेल्या स्प्रिंगची उसळी आवरायची असते. मॅकफर्सन रचनेत त्याच्यावर आणखी एक ओझे पडते. वर दुसरा आर्म नसल्याने चाकाचा बाजूचा जोरही त्यालाच सोसावा लागतो. म्हणून त्याचा दांडा जाड असतो, आणि नीट पाहिले तर स्प्रिंग शॉकअपच्या अक्षाशी अगदी सरळ न बसवता किंचित तिरकी बसवलेली दिसते, जेणेकरून तिचा जोर त्या वाकवणाऱ्या जोराच्या विरुद्ध पडावा. स्प्रिंग काढल्यावर मिस्त्रींनी दोन्ही दांडे हाताने पूर्ण आत दाबून सोडले. दोन्ही सावकाश, एकाच गतीने वर आले, मध्ये कोठेही मोकळी जागा लागली नाही, आणि नळ्या बाहेरून कोरड्या होत्या. “हे बदलायला मला लाज वाटेल,” असे ते म्हणाले. त्यांनी फक्त आतले जंपिंग रबर, म्हणजे शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारे रबर, आणि धुळीची आवरणे बदलली, कारण जुनी रबरे चुरा होऊन गळत होती.

खर्चाचा तपशील असा झाला : डावा लोअर आर्म १,४५० रुपये, उजव्या आर्मचे दोन बुश ४८० रुपये, दोन लिंक रॉड ९०० रुपये, बेअरिंगसह दोन माउंटिंग १,५६० रुपये, जंपिंग रबर व आवरणे ४१० रुपये आणि मजुरी २,४०० रुपये. यात बाहेर करून घेतलेल्या व्हील अलाइनमेंटचे ५०० रुपये मिळवले की एकूण ७,७०० रुपये होतात. काढलेले सर्व भाग एका पोत्यात घालून मला परत देण्यात आले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. आर्म आणि स्ट्रट हलवल्यानंतर चाकांची दिशा तपासणे अपरिहार्य असते, त्यामुळे नव्या भागांवर गाडी चालवत दुसऱ्या ठिकाणी जावे लागते आणि तेथे पुन्हा तासभर थांबावे लागते. माझ्या गाडीचे टो, म्हणजे दोन्ही चाकांची पुढून आत किंवा बाहेर वळण्याची प्रवृत्ती, बरेच बिघडलेले निघाले. कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल, मात्र मर्यादेत होता, आणि ते बरेच झाले, कारण या गाडीत तो बदलण्यासाठी वेगळी सोय दिलेली नाही. बिल हाताने लिहिलेले मिळते. भागांची हमी आणि मजुरीची हमी यांविषयी त्यात एक ओळही नसते. ती मी मागून लिहून घेतली, पण ती न मागता मिळायला हवी. बसायला सावलीची जागा नाही आणि काम सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चालले. शिवाय पाळी मिळण्यासाठी नऊ दिवस थांबावे लागले. बॉल जॉइंट खूपच झिजला असेल, तर एवढे दिवस गाडी चालवणे धोक्याचे आहे, कारण तो सांधा निसटला तर चाक आडवे होते. अशा गाडीला क्रम तोडून आधी घेण्याची व्यवस्था त्यांनी करावी, असे मी त्यांना सांगितले आहे.

कामानंतर करूळ घाटातून मी तीन फेऱ्या केल्या. खटखट पूर्ण थांबली आहे, वळणावरून बाहेर पडताना स्टीअरिंग आपणहून सरळ येते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढली जात असे तेही बंद झाले. १,००० किलोमीटरनंतर त्यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी पुन्हा दाखवली. सर्व बोल्ट टॉर्क पान्याने तपासले गेले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ताशी ६० किलोमीटरच्या वर गेल्यावर पुढून एक हलकी घरघर अजून ऐकू येते. मिस्त्रींनी टायरच्या आतल्या कडेवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवायला लावला. एका दिशेने रबर गुळगुळीत लागते आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे. गेल्या आठ महिन्यांत चुकीच्या टोमुळे ती झीज झाली आहे. पुढचे टायर मागे टाकल्याने घरघर थोडी कमी झाली, पण टायर बदलेपर्यंत ती राहील.